डाव्या कुशीवर

घनसावंगी
६ ऑक्टोबर १९९४

प्रिय मावशी,
जय भीम.

पत्र हातात पडलं की आधी खाली बस, मंग वाच. उभ्या उभ्या वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, एक हात दवाखान्याच्या पिशवीत अन् एक डोळा घड्याळावर.

काल ह्यांच्या शाळेत आरोग्य शिबिर होतं. सातवा लागलाय तर एकदा बघून घेऊ म्हणून मीपण गेल्ते. बाहेरून डॉक्टर आल्ते. त्यांनी पोट बघितलं, वजन केलं, सगळं बराबर म्हणाले. मंग छातीला नळी लावली अन् काढीचनात. श्वास धरा म्हणाले, सोडा म्हणाले, पुन्हा लावली. मंग ह्यांना बाजूला बोलावलं. "बाईंच्या हृदयात एक आवाज येतोय. घाबरू नका, पण मोठ्या ठिकाणी एकदा दाखवून घ्या." तेवढ्यात रांगेतली पुढची बाई आत आली सुद्धा. त्यांचं "घाबरू नका" तेवढं आमच्या घरात कोणालाच ऐकू आलं न्हाई.

सासूबाईंना कळलं तसं त्यांनी हातातली परात खाली ठेवली. पडवीत खाट टाकली, वर दोन गोधड्या, अन् म्हणाल्या, "आजपासून तू हलायचं न्हाई." पाणी सुद्धा हातात आणून देतात. दुसऱ्या कोणाची सासू असती तर घालून पाडून बोलली असती. सासूबाईंचं उलटंच, अन् त्यानंच जास्त भ्या वाटतं.

मावशी, एकच विचारते. मी जन्मले अन् तिसऱ्या दिवशी आई गेली. तू कायम सांगितलंस, तापानं गेली. तापानंच ना? तिच्या काळजात तर काही न्हवतं? लेकरू दिवसभर लाथा मारून राह्यलं अन् मी आपली मोजून राह्यले, अजून तीन महिने. मला मरायची भीती वाटते. तुला न्हाई सांगणार तर कोणाला सांगू?

तुझी,
बेबीनंदा

बदनापूर
११ ऑक्टोबर १९९४

चि. बेबी,
जय भीम.

बसून वाचलं. झालं समाधान?

आईचं विचारलंस. ताप होता. बहात्तरच्या दुष्काळात बाळंतपणाचा ताप किती बायांनी काढला अन् किती जणी त्यात गेल्या, त्याचा हिशोब नाही. तिचा विचार आत्ता करायचा नाही, तुझ्या तब्येतीचा करायचा.

मी विचारते तेवढ्याची उत्तरं लिहून पाठव. गोष्टी सांगत बसू नको. चालताना दम लागतो का? किती पावलांवर? आडवं झाल्यावर गुदमरतं का, उठून बसावं लागतं का? कोरडा खोकला येतो का? पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतो का? लहानपणी तुझे सांधे कधी सुजले नाहीत, ते मला माहीत आहे, मीच वाढवलंय.

सासूबाई पडून राहा म्हणतात तर राहा. विश्रांतीनं कोणाचं वाईट होत नाही. लोहाच्या गोळ्या चुकवू नको. अन् रडू नको, रडायला तुला दुसरा काही धंदा नाही का?

तुझी मावशी,
सत्यशीला

घनसावंगी
१९ ऑक्टोबर १९९४

प्रिय मावशी,
जय भीम.

"काही न्हाई होत गं, वेडी का काय तू", एवढं तू लिहिशील अशी मला आशा होती. तू नुसती परीक्षेसारखे प्रश्न पाठवलेस. वीस वर्षं तू बायांची बाळंतपणं करून राह्यली, अन् मला धीर द्यायला तुला एक वाक्य सुचलं न्हाई.

घे उत्तरं. दम लागत न्हाई. खोकला न्हाई. पायाला संध्याकाळी थोडी सूज, सकाळी जाते. पण पडून राह्यल्यापासून भलतंच सुरू झालं. खाटेवर उताणी पडले की घटकाभरात घाम फुटतो, डोळ्यापुढं अंधारी येते, मळमळतं, आता गेले असं वाटतं. कुशीला वळले की बरं वाटतं. पण सासूबाई वळू देत न्हाईत. "कुशीवर नको, लेकरू दबल. काळजाला आराम पाहिजे, सरळ पड." त्या उशाशी बसून पदरानं वारा घालतात, अन् मला अंधारी आली की त्यांचंच तोंड पांढरं होतं. परवा दोनदा झालं. आता सगळ्यांची खात्री पटली की आजार वाढून राह्यला.

एक गंमत सांगू? सोमवारी सगळे कापूस वेचायला गेल्ते. मला पडून पडून वीट आल्ता. उठले, हापशावर गेले अन् दोन हंडे पाणी आणलं. काही म्हणता काही झालं न्हाई! उलट चांगलं वाटलं. आल्यावर गपचूप खाटेवर पडले अन् पुन्हा अंधारी.

आता खरी गोष्ट. ह्यांचे चुलते सर्जेराव काका आल्ते. तुमच्या गावची एक बाई त्यांना बाजारात भेटली. ती म्हणाली, "त्या पोरीची माय बी छातीच्याच दुखण्यानं गेली, तिला तर निजता बी येत न्हवतं." काकांनी घरी येऊन सगळ्यांदेखत सांगितलं. त्यांचं म्हणणं, पुढचे महिने भरू द्यायचेच न्हाईत, आत्ताच पोट फाडून लेकरू काढून घ्यावं, म्हणजे माय तरी वाचल. सासूबाई रडल्या. मी विचारलं, "सात महिन्यांचं लेकरू जगल का?" तर कोणी माझ्याकडं बघेना. एकतीस तारखेला सोमवारी मला जालन्याला न्यायचं ठरलंय.

मला माझं लेकरू काढू द्यायचं न्हाई मावशी. पण मी मेले तर ते तरी कोणाजवळ राहील? माझ्यासारखं तुझ्याजवळच येईल ना?

ती बाई खोटं बोलली का तू? एवढं सांग.

बेबीनंदा

बदनापूर
२३ ऑक्टोबर १९९४, रविवार

बाळ बेबी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. घनसावंगीला जीप नेणाऱ्या भुजंगच्या हातात देते, म्हणजे आजच तुला मिळेल. बुधवारपर्यंत लसीकरण आहे, मला सुटी नाही. गुरुवारी मी येते.

आता तू खाली बस. बसू नको, डाव्या कुशीवर पड अन् मग वाच. हसू नको, खरंच पड.

ती बाई खोटं बोलली नाही. मी बोलले.

तुझ्या आईला, गिरजाला, लहानपणी ताप यायचा, सांधे सुजायचे. कोणी मनावर घेतलं नाही. त्या आजारानं हृदयाची झडप आखडून जाते, हे मला फार उशिरा नीट कळलं. तू तिच्या पोटात होतीस तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. नर्सचं शिक्षण नुकतंच संपलं होतं, गळ्यात नवीकोरी नळी. भेटेल त्याच्या छातीला लावून बघायची. गिरजाला लावली तर आवाज आला. आम्हाला शिकवलेलं होतं की गरोदर बाईच्या हृदयात असा आवाज असू शकतो. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काही नाही, असतंच." तिला चार पावलांवर दम लागायचा. आडवं होता यायचं नाही, ज्वारीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते अन् तरी म्हणत होते, असतंच. तुझ्या वडिलांनी तिला जालन्याला न्यायला बैलगाडी जुंपली होती. मीच बैल सोडायला लावले. ती म्हणाली, "माझी बहीण नर्स आहे, तिला कळतं." तू झालीस, अन् तिसऱ्या दिवशी ती गेली.

तुझे वडील दुसरं लग्न करून गेले. तुला मी घेतलं. लोक म्हणाले, सत्यशीलानं पोरीसाठी लग्न केलं नाही, किती मोठं मन. मला तोंड वर करून त्यांच्याकडं बघता यायचं नाही. तुला "तापानं" सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू मला मावशी म्हणाली असतीस का? त्या दिवसापासून मी कुठल्याही गरोदर बाईच्या छातीला नळी लावत नाही. पोटावर लावते, लेकराचे ठोके ऐकते अन् छातीसाठी डॉक्टरांकडं पाठवते. म्हणून तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा "काही होत नाही गं" एवढं लिहायला माझा हात उठला नाही. तेच वाक्य मी एकदा बोललेली होते.

पण तुझं दुसरं पत्र मी काल चार वेळा वाचलं. बेबी, तुझं सगळं तिच्या उलटं आहे. तिला चालवत नव्हतं, तू दोन हंडे आणलेस. (शाबास म्हणत नाही, गाढव आहेस.) तिला आडवं होता येत नव्हतं, तुला फक्त उताणं पडलं की त्रास होतो अन् कुशीला वळलं की थांबतो. हा हृदयाचा आजार नाही. पाठीच्या कण्याला लागून एक मोठी शीर खालचं सगळं रक्त वर हृदयाकडं नेते. तू उताणी पडलीस की गर्भाची भरलेली पिशवी त्या शिरेवर बसते. रक्त वर जाईना की अंधारी येणारच. तुझ्या सासूबाईंनी मायेनं तुला अंधारी आणली अन् मी इथून "पडून राहा" लिहून त्यात भर घातली. उताणी का कुशीवर, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आवाजाचं ऐक. पोटात लेकरू वाढतं तसं बाईचं रक्त वाढतं, जवळजवळ दीडपट होतं. त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो, म्हणून तपासणीत रक्त कमी दिसतं. एवढं रक्त फिरवायला हृदय मिनिटाला दहा-पंधरा ठोके जादा टाकतं, अन् दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. महिने भरत जातात तसं ते स्वतः थोडं मोठं होतं, अन् खालून पोट वर आलं की जरा डावीकडं सरकून बसतं. घरात लग्न निघालं की आपण चूल वाढवतो, सामान सरकवून जागा करतो, तसंच. पाटाच्या चाऱ्या त्याच असताना पाणी जास्त सोडलं की खळखळ वाढते. बहुतेक गरोदर बायांच्या हृदयात असा हलका आवाज असतोच, अन् बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातो. हृदय पण हळूहळू पहिल्यासारखं होतं.

हे सगळं खरं आहे. पण गिरजाच्या वेळी पण मला हेच शिकवलेलं होतं. म्हणून या वेळी मी नुसतं म्हणून बैल सोडणार नाही. गुरुवारी येते अन् शुक्रवारी आपण औरंगाबादला जाऊ. तिथं हृदयाचा फोटो हलताना बघता येतो. त्यात झडपा साफ दिसल्या तर दिसल्या. नाही दिसल्या तर डॉक्टर सांगतील तसं, मी तुझ्या उशाशी आहे. तोवर कोणी लेकरू काढायचं नाव घेतलं तर म्हण, मावशी येते आहे, तिच्याशी बोला.

मला माफ कर असं लिहिणार होते. नको, तू आत्ता त्या भानगडीत पडू नको. डाव्या कुशीवर झोप.

मावशी

घनसावंगी
६ नोव्हेंबर १९९४

सत्यशीला इहीणबाईस गोजरबाईचा जय भीम.

म्या सांगून राह्यले अन् लेक देवानंद लिहून राह्यला. तो मधीमधी शाळंतली भाषा घालतो. म्या म्हणलं, मह्या तोंडातून निघंल तसंच लिव्ह.

औरंगाबादेहून तुम्ही बदनापुरला उतरून गेल्या, मंग घरी आलो तर सर्जेराव वाट बघून राह्यला व्हता. त्याला म्या समदं सांगलं. म्हणलं, त्या टीव्हीत मह्या सुनंचं काळीज दिसलं. झडपा अशा उघडून राह्यल्या, मिटून राह्यल्या, बिलकुल साफ. डाक्टरीणबाई म्हणल्या, "दोघांचं काम करतंय म्हणून जरासं वाढलंय, वाढायलाच पाहिजे. महिने भरू द्या." म्हणलं सर्जेराव, आता तू मह्या नातवाला काढायचं म्हणशील तर तुलाच घरातून काढीन. च्या पिऊन गेला बिचारा. त्याचं बी मन वाईट न्हाई, त्याची पहिली बायको बाळंतपणातच गेल्ती.

इहीणबाई, मह्या जिवाला लई लागलं. म्या तिला उताणी पाडू पाडू ठिवली. ती वळली की म्या सरळ करायची. मह्या हातानं लेकराला मारलं असतं. आता तिला कुशीवर बघितलं की बरं वाटतं. चुकून पाठीवर गेली की घरात समदे वरडतो, "डावी कुस!" शेजारच्या बाया हसत्यात.

खाती चांगली, भाकरी दोन, वरण, शेपू. हिंडती फिरती. पण बोलत न्हाई. तुमचं कोणी नाव काढलं की डोळे पुसती अन् आत जाती. तुम्ही तिला पत्रात काय लिव्हलं ते म्या इचारलं न्हाई, ते तुमच्या मायलेकीचं. पण पहिलं बाळंतपण म्हायेरीच व्हायला पाहिजे, अन् तिचं म्हायेर म्हंजी तुम्ही. तिला धाडायला म्या तयार हाये. यायचं तिनं ठरवायचं.

गोजरबाई

बदनापूर
४ डिसेंबर १९९४

चि. बेबी,

महिना झाला, तुझी एक ओळ नाही. बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असते तर हे पत्र सुद्धा न उघडता चुलीत घातलं असतं.

खोलीला चुना मारून घेतला. पलंग खिडकीजवळ ओढलाय, डावीकडं वळलीस की बाहेरचं लिंबाचं झाड दिसेल अशा बेतानं. जालन्याच्या दवाखान्यात नाव घालून ठेवलंय, म्हणजे वेळेवर धावपळ नको. डिंक, खारीक आणून ठेवलीय.

आली नाहीस तर गोजरबाईंकडं सगळं पाठवून देईन. तिथंही तुझं काही कमी होणार नाही. पण ये.

मावशी

घनसावंगी
१८ डिसेंबर १९९४

मावशी,

दीड महिना मी तुझ्यावर चिडून होते. तू बैल सोडायला लावले म्हणून न्हाई. आई कशी होती विचारलं की तू कायम "चांगली होती, अभ्यास कर" म्हणायची, म्हणून. ज्वारीच्या पोत्याला टेकून ती झोपायची, एवढीच तिची एक गोष्ट तू मला एकवीस वर्षांत सांगितलीस, अन् ती सुद्धा अशी.

परवा बांगड्या भरल्या. कासारानं विचारलं, वय काय? म्हणलं एकवीस. तेव्हा डोक्यात आलं, मावशी, तू पण तेव्हा एकवीसच होतीस. मला तर अजून भाकरी नीट फुगवता येत न्हाई. उद्या मी कोणाला काही चुकीचं सांगितलं अन् ते मेलं तर? मला तुझी लई कीव आली. अन् इतकी वर्षं तू एकटीनं ते काढलंस म्हणून पुन्हा राग आला.

अठ्ठावीसला येते. हे सोडायला येतील. दोन अटी आहेत. पहिली, रोज मला आईची एक गोष्ट सांगायची. तिला काय आवडायचं, कशावरून भांडायची, सगळं. दुसरी, बाळंतपणानंतर सव्वा महिन्यानं माझ्या छातीला नळी तू लावायची. तो आवाज गेला का राह्यला, ते डॉक्टरीणबाई न्हाई सांगणार, तू सांगायचं. तू सांगशील तेच मी खरं मानीन.

डाव्या कुशीवर पडूनच लिहून राह्यले, म्हणून अक्षर असं.

बेबी

घनसावंगी
१ मार्च १९९५

प्रिय मावशी,
जय भीम.

आम्ही मायलेकी बरोबर पोचलो. जीपमध्ये पोरगी झोपूनच होती. सासूबाईंनी तिला घेतलं ती संध्याकाळपर्यंत खाली ठेवली न्हाई. सर्जेराव काका अंगडं घेऊन आल्ते अन् म्हणाले, "बरं झालं माझं कोणी ऐकलं न्हाई."

तुझ्या गोष्टींनी माझं पोट भरलं. आई चिंचा चोरायची अन् मार तुला खाऊ घालायची, ते मी इथं सगळ्यांना सांगितलं.

पण तू बेइमान आहेस. दुसरी अट तू पाळली न्हाईस. रोज उद्या म्हणायचीस. पिशवीतून नळी काढायचीस, पोरीच्या छातीला लावायचीस अन् परत ठेवायचीस. शेवटच्या दिवशी वाटलं आता तरी लावशील. न्हाईच. अजून तुला भ्या वाटतं का? का ऐकण्यासारखं काही होतं?

बेबीनंदा

बदनापूर
५ मार्च १९९५

चि. बेबी,
जय भीम.

बेइमान तुझी सासू म्हणेल मला एक वेळ, तू म्हणायचं नाहीस.

अट पाळली. तू निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी. तू जेवून झोपली होतीस, डाव्या कुशीवर, आता त्याची गरज नाही तरी, अन् पोरगी तुझ्या छातीशी. मी दार लावून घेतलं. तू जागी असताना मला लावायची नव्हती. आवाज राहिलेला असता तर माझं तोंड तुला दिसलं असतं, अन् ते तुला आयुष्यभर दिसत राहिलं असतं.

नळी लावली. पहिल्यांदा मला माझेच ठोके ऐकू येत होते, म्हणून काढली. पाणी प्यायले. पुन्हा लावली. बेबी, काही नाही. एक ठोका, दुसरा ठोका, अन् मध्ये एकदम शांत. वर लावली, खाली लावली, बगलेकडं लावली. मनगटावरचं घड्याळ बघून पाच मिनिटं ऐकलं. तुझं हृदय आपल्या जागेवर येऊन निवांत चाललंय. मग पोरीला लावली, तिचं आपलं भराभरा, माझ्यासारखीच घाई. दोघींचं साफ आहे. मग मी स्वयंपाकघरात गेले अन् मोठ्यांदा रडले. तू उठलीस अन् विचारलंस, काय झालं. मी म्हटलं, कांदा चिरतेय. घरात त्या दिवशी कांदा नव्हता.

काल उपकेंद्रात एक पहिलटकरीण आली, आठवा महिना. तिच्या छातीला मी नळी लावली. आवाज होता, हलका. मी तिला दम लागतो का, कशी झोपते, सांधे कधी सुजले का, सगळं विचारलं, अन् तरीही चिठ्ठी लिहून डॉक्टरांकडं पाठवली.

तेव्हाच का सांगितलं नाही म्हणशील. धीर होत नव्हता. पण बघ, मागच्या वेळी खरं सांगायला मला एकवीस वर्षं लागली, या वेळी आठच दिवस. पोरीच्या गोबऱ्या गालाचा मुका घे, अन् सासूबाईंना सांग, आता मी हवी तशी झोपणार.

तुझी मावशी,
सत्यशीला